हाक कुणाला मारायची?



वर्षावासाचे दिवस होते. दरवर्षीप्रमाणे आषाढ पौर्णिमेपासून आमच्या मलकापुरातील वस्तीच्या विहारात रोज सायंकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. कापसाच्या जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर आणि शेतात राबणारी माणसे दिवसभराचा शीण घेऊन येतात आणि सतरंजीवर बसतात. वाचन करण्याची पाळी त्या दिवशी माझी होती. वाचन संपले, सरणत्तयं झाले, माणसे चपला शोधू लागली. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक भगिनी उठली. तिचा नवरा हमाल होता. दोन महिन्यांपूर्वी पोत्याची थप्पी अंगावर कोसळून तो गेला होता. मुलगा बारावीला, मुलगी आठवीला. ती म्हणाली,

“दादा, तुमी सांगता, आपल्यात देव नाही. कबूल. माह्या सासऱ्यानं देव नदीत सोडले, म्या काही ते परत आणले नाही. पन रात्री झोप येत नाही, लेकरं झोपलेली असतात, तवा हाक कोनाले मारू?”

विहारात शांतता पसरली. माझ्या हातात ग्रंथ होता, पण तोंडात उत्तर नव्हते. इतकी वर्षे मी जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भाषणे करतो. टाळ्याही मिळतात. पण त्या बाईच्या प्रश्नाला टाळ्या मिळवणारे उत्तर चालणार नव्हते. “ताई, उद्या बोलू,” एवढेच म्हणालो आणि घरी आलो. आजचा हा लेख म्हणजे त्या ‘उद्या’चे उत्तर आहे. ते देण्यासाठी मला आधी माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कधी लिहिली नव्हती.

२००९ सालची गोष्ट. माझी पहिली मुलगी चौदा महिन्यांची होती. तिला ताप आला, उतरेना. मी एका कार्यालयात कारकून. तेव्हा नोकरी कच्ची होती आणि तीन महिन्यांचा पगार थकलेला. खिशात पैसा नाही, घरात रडारड. अशा वेळी एका ओळखीच्या माणसाने दूरच्या खेड्यातल्या एका बाबाचे नाव सांगितले. अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे करणारा मी, बी.कॉम. झालेला मी, रात्रीच्या अंधारात कोणी पाहू नये म्हणून मागच्या गल्लीने निघालो आणि मुलीला घेऊन त्या बाबाकडे गेलो. त्याने २,१०० रुपये घेतले, अंगारा दिला आणि दोन दिवस दवाखान्यात नेऊ नका असे बजावले. ते पैसेही उसने आणलेले. दोन दिवसांनी आम्ही मुलीला दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता.

पैसे गेले त्याचे काही नाही. ते दोन दिवस आजही माझ्या छातीवर बसलेले आहेत. माझी मुलगी तापाने गेली की माझ्या भीतीने, याचा हिशोब मी अजून मांडू शकलेलो नाही. त्यानंतर वर्षभर मी विहाराची पायरी चढलो नाही. कोणत्या तोंडाने चढणार? लोकांनी विचारले तर कामाचे निमित्त सांगायचो. बायको गप्प, मी गप्प. घरात नुसते भिंतीवरचे घड्याळ बोलायचे.

एक दिवस विहाराची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ दारात आले. त्यांच्या हातात एक जुनी, कोपरे झिजलेली वही होती. त्यांनी सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही. म्हणाले, “हे वही धर. वर्गणीचा हिशोब तीन सालापासून कोनं लिवला नाही. तू बी.कॉम. हायेस ना? लिव.” आणि वही खाटेवर टाकून निघून गेले.

मी रागाने ती वही दोन दिवस बघितली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. कोणी पाच रुपये दिलेले, कोणी दहा, एका म्हातारीने एक पायली ज्वारी दिलेली. त्या ज्वारीची किंमत धरायची कशी, हे विचारायला मला विहारात जावे लागले. एकदा गेलो तो दुसऱ्या दिवशीही गेलो. हिशोब पूर्ण झाला तेव्हा एका विधवा आजीने निराधार योजनेचा अर्ज पुढे केला, “एवढा भरून दे बाप्पा.” मग दुसरा अर्ज, तिसरा अर्ज. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, रेशनकार्ड. आज इतक्या वर्षांनी मागे पाहतो तेव्हा लक्षात येते की दुःख काही गेलेले नाही, ते तिथेच आहे. पण त्या दुःखाला काहीतरी काम लागले. कोणाच्याही घरी लेकरू तापाने फणफणले की मी सर्वांत आधी धावतो आणि दवाखान्याची वाट दाखवतो. अंगाऱ्याचे नाव काढू देत नाही. माझ्या मुलीने मला दिलेले हे काम आहे, असे मी समजतो.

आता माझ्यासारख्या साध्या माणसाचे सोडा. ज्यांच्या नावाने आपण एकमेकांना जयभीम घालतो त्यांच्या घरात काय घडले ते पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांतील चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. एकटे यशवंतराव तेवढे जगले. सर्वांत धाकटा राजरत्न हा बाबासाहेबांचा फार लाडका होता. तो जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर आपल्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी धीरोदात्तपणाचा आव आणला नाही. आपण पुरते कोलमडलो आहोत, हे त्यांनी मोकळेपणाने कळवले. ज्या माणसाने पुढे अख्ख्या देशाला संविधान दिले, तो माणूस मुलाच्या मृत्यूने कोलमडला होता आणि ते सांगण्याची त्याला लाज वाटली नाही. हे आपण आपल्या मुलांना सांगतो का? आपण फक्त पुतळा दाखवतो, पुतळ्यातला बाप दाखवत नाही.

आणि मग तारखा पाहा. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या काठी उभे होते आणि ओंजळीत पाणी घेत होते. मधे फक्त आठ महिने. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक सुरू झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. दुःख संपले म्हणून ते महाडला गेले असे नाही. दुःख घेऊनच गेले. स्वतःचे लेकरू वाचले नाही, पण हजारो लेकरांना पाणी मिळाले पाहिजे, हा त्या दुःखाने घेतलेला रस्ता होता, असे मला वाटते. आणि हा रस्ता काही एका दिवसाचा नव्हता. चवदार तळ्याचा खटला उच्च न्यायालयात आपल्या बाजूने सुटायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे लागली. कोर्टकचेरीच्या फेऱ्यांनी थकणाऱ्या आपल्या माणसांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

माता रमाईंचे तर काय सांगावे? बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास करीत होते, तेव्हा इकडे मुंबईत परळच्या चाळीत रमाई संसाराचा गाडा ओढत होत्या. शेण गोळा करून गोवऱ्या थापून त्यांनी दिवस काढले, असे आपल्या घराघरांत सांगितले जाते. तिकडे लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी पहिल्या खेपेला जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला आणि डी.एस्सी. ही पदवी मिळवली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असताना मला त्या ग्रंथातले फारसे समजले नव्हते. पण एवढे समजले की रुपयाचा अभ्यास करणाऱ्याच्या घरी रुपया नव्हता. त्याआधी १९१७ मध्ये त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले होते आणि कष्टाने जमवलेली पुस्तके समुद्रात गेली होती. त्याच वर्षी बडोद्यात एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही. एकामागून एक असे घाव बसत होते.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढे १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. आणि त्या घोषणेला पूर्णत्व आले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मधली एकवीस वर्षे त्यांनी वाचनात, विचारात आणि शोधात घालवली. श्रद्धा कोठे ठेवायची, हे ठरवायला या महापुरुषाने एकवीस वर्षे घेतली! १९५२ च्या निवडणुकीत ते हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले, मधुमेहाने शरीर पोखरले, पाय साथ देईनात. तरीही दीक्षाभूमीवर उभे राहिले.

माझे आजोबा त्या वेळी मलकापूरहून रेल्वेने नागपूरला गेले होते. सोबत भाकरीचे गाठोडे आणि अंगावर पांढरे धोतर. परत आले आणि देव्हाऱ्यातले टाक नळगंगेत सोडून दिले. आजीला भीती वाटली. त्या वर्षी घरातली शेळी मेली तेव्हा शेजारी म्हणाले, “पाहा, देव कोपला.” आजोबांनी उत्तर दिले, “देव होते तवा काय शेळ्या मरत नव्हत्या?” निरक्षर माणसाचा हा युक्तिवाद आहे. मोठमोठ्या तर्कपंडितांना तो खोडता यायचा नाही. त्याच आजोबांचा नातू मी, आणि मी अंगारा आणायला गेलो! म्हणून म्हणतो, धम्म वारशाने मिळत नाही. प्रत्येकाला आपापल्या संकटात तो नव्याने स्वीकारावा लागतो.

आता त्या भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हाक कुणाला मारायची?

बुद्धाने श्रद्धा नाकारलेली नाही. पाच बलांमध्ये पहिले बल श्रद्धा हेच आहे. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा. पण लक्षात घ्या, श्रद्धेने सुरुवात होते आणि प्रज्ञेपाशी शेवट होतो. मधे वीर्य आहे, म्हणजे प्रयत्न. प्रयत्न आणि प्रज्ञा काढून टाकली की मागे जी उरते ती अंधश्रद्धा. मी त्या रात्री नेमकी तीच खिशात घालून निघालो होतो. कालामांना बुद्धाने हेच सांगितले, की कोणी सांगतो म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

आणि किसा गोतमीची कथा आठवा. तिचे एकुलते एक लेकरू गेले. ते छातीशी धरून ती औषध मागत श्रावस्तीत फिरत होती. बुद्धाने तिला मंत्र दिला नाही, अंगारा दिला नाही, पैसे मागितले नाहीत. मोहरीचे दाणे आणायला सांगितले, पण ज्या घरात कोणी मेलेले नाही अशाच घरातून. ती दारोदार गेली. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मृत्यू न झालेले घर एकही नव्हते. आपण या कथेचा अर्थ नेहमी एवढाच सांगतो की मरण कोणालाही चुकलेले नाही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बुद्धाने त्या एकट्या बाईला माणसांच्या दारात पाठवले. प्रत्येक दारात कोणी बाई उभी राहिली असेल, “माझाही गेला गं,” म्हणाली असेल. सायंकाळपर्यंत गोतमी एकटी राहिली नव्हती. तिच्या हाकेला उत्तर आकाशातून आले नाही, शेजारच्या दारातून आले.

येथे एक धोक्याची सूचना देतो. “तुझ्या मागच्या जन्मीचे भोग आहेत, सहन कर,” असे सांगणारे लोक अजून आपल्या वस्तीत फिरतात. बाबासाहेबांनी हे साफ नाकारले आहे. मागच्या जन्मीच्या पापामुळे माणूस गरीब झाला असे म्हटले की मालकाची जबाबदारी संपते, शासनाची संपते आणि समाजाचीही संपते. त्या हमाल बांधवाच्या अंगावर थप्पी कोसळली ती पूर्वजन्मामुळे नव्हे. ती नीट रचलेली नव्हती म्हणून कोसळली. बुद्धाने दुःख आहे असे सांगितले, तसेच ते दूर करता येते हेही तितक्याच जोराने सांगितले. दुःखाचे कारण शोधणे हा धम्म आहे. त्यापुढे मान तुकवणे हा धम्म नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या ताईंच्या घरी गेलो ते ग्रंथ घेऊन नव्हे, कोरे अर्ज घेऊन गेलो. वाचकांच्या उपयोगाचे म्हणून येथे सांगतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून वारसाला एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा. निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. आपल्या माणसाची नोंदणी झाली आहे की नाही हे तो हयात असतानाच पाहावे, नंतर पाहून पश्चात्ताप होतो. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोंदूबाबाने फसवले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. हा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी आपला जीव द्यावा लागला, हे विसरू नये. आणि मन अगदीच अंधारून आले, जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर फोन करावा. पैसे लागत नाहीत. आपल्या पश्चिम विदर्भाने दारादारांत गळफास पाहिले आहेत. फोन करण्यात कमीपणा नाही. पायाला लागले तर आपण दवाखान्यात जातोच ना?

त्या ताईंचे अर्ज भरताना मुलगा कोपऱ्यात बसून होता. तो शाळा सोडून बापाच्या जागी पोती उचलायला जायचे म्हणत होता. मी त्याला उपदेश केला नाही. मला एका वृद्धाने शिकवलेला धडा माझ्या लक्षात होता. विहारात वस्तीतल्या लहान मुलांची अभ्यासिका रिकामी पडली होती, तिची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणालो, “पाचवी-सहावीची बारा पोरं हायेत. त्यांना गणित शिकवायला कोणी नाही. रोज एक तास दे. बारावीची परीक्षाही दे. पोती कुठं पळून जात नाहीत.” तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी विहाराचे दार उघडे होते आणि आतून पाढ्यांचा आवाज येत होता.

परवा आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली. खीरदानासाठी वस्तीतल्या सगळ्या घरांतून दूध-साखर गोळा करायची होती. ते काम त्या ताईंनी मागून घेतले. सगळ्या घरांच्या उंबरठ्यावर जाऊन आल्या. अजून सरकारचे पैसे आलेले नाहीत. एका अर्जात त्रुटी निघाली आहे, मी पुन्हा तहसीलला जाणार आहे. घरात अडचण आहेच. पण खीर वाढता वाढता त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “दादा, काल रात्री झोप नाही आली. शेजारच्या माय ले हाक मारली. तिलेही झोप नव्हती. दोघी ओट्यावर बसलो.”

मी पानावर वाढलेली खीर खाऊ लागलो. मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, आणि ते मी दिलेले नव्हते.

वाचकहो, आज घरी जाताना आपल्या गल्लीत कोणाच्या घरी दिवा उशिरापर्यंत जळतो ते पाहा. त्या दारावर थाप द्या. उपदेश करू नका. जमल्यास एखादे काम घेऊन जा.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!